सारजाबाईंची फुंकणी

आणे गावच्या पठारावरचा वारा कुणाच्या बापाचा नाही, असं सगळे म्हणत. सारजाबाईंना हे मान्य नव्हतं. जो वारा चाळीस वर्षं आपल्या पत्र्यावर नाचला, वाळवणं उडवून नेली, सुनांच्या डोक्यावरचे पदर पाडले, त्याच्याकडून चार कामं करून घ्यायचा हक्क आपल्याला नसेल तर कुणाला असेल? गडी फुकट राबत असेल तर त्याला बसवून ठेवणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. भगवंतरावांनाही त्यांनी कधी बसू दिलं नव्हतं.

फुंकणी फुंकता फुंकता त्यांचा जन्म गेला होता. सकाळी चुलीपुढं बसायचं, गाल फुगवायचे, धुरानं डोळे चोळायचे. आणि डोक्यावर बाहेर वारा घूं घूं करत रिकामा हिंडतोय. एका सकाळी फुंकणी हातात धरून त्या भगवंतरावांना म्हणाल्या, "मी हितं फुकून फुकून मरतीया, आन ह्यो मुडदा वर नुसता शीळ घालतोय. त्याला खाली आणा."

"कुनाला?" भगवंतरावांनी चहाच्या बशीवरून विचारलं.

"वाऱ्याला."

भगवंतराव बशी खाली ठेवून अंगणात गेले. चाळीस वर्षांच्या संसारात ते एक गोष्ट शिकले होते: बायको काय म्हणतेय हे कळलं नाही तरी आधी उठून उभं राहायचं.

खाली आणलं ते असं. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून सारजाबाईंनी एक भलंथोरलं नरसाळं करवलं. त्याला मागं कोंबड्याच्या शेपटासारखं पत्र्याचं शेपूट. वारा जिकडून येईल तिकडं शेपटामुळं नरसाळ्याचं तोंड आपोआप वळायचं. नरसाळ्याचा दांडा छपरातून खाली आणलेल्या लोखंडी नळीत सैल बसवला आणि शेंगदाण्याचं तेल सोडलं, म्हणजे फिरताना कुरकुर नको. नळी भिंतीवरून उतरून थेट चुलीच्या राखेखाली. विचार सगळा सारजाबाईंचा. पत्रा कापला गावातल्या कुंडलिक पत्रेवाल्यानं. आणि मधे मधे "आसं न्हाई, तसं," म्हणायचं काम भगवंतरावांनी केलं, ते कुणी ऐकलं नाही.

पहिल्या दिवशी वारा नळीतून असा आला की चुलीतली सगळी राख उठून भगवंतरावांच्या अंगावर बसली. निखारा उडून त्यांच्या धोतराला भोक पडलं आणि तव्यावरची भाकरी एका बाजूनं कोळसा झाली. भगवंतराव शंकरासारखे पांढरे होऊन उभे होते. सारजाबाई मात्र चुलीकडं बघत होत्या. जाळ ढणढण पेटला होता. धूर नव्हता. फुंकणी कोपऱ्यात पडली होती.

"लई चालतंय," त्या म्हणाल्या. "लगाम पायजे फकस्त."

नळीच्या तोंडाला दोरीनं ओढायचं एक पत्र्याचं झाकण बसलं आणि वारा माणसात आला. दोरी ओढली की जाळ मोठा, सोडली की बारीक. भाकरीला मोठा, आमटीला बारीक. सून म्हणाली, आता गॅससुद्धा नको. गॅसचं कार्ड भगवंतरावांच्या नावावर होतं, हे ती बोलली नाही, पण सारजाबाईंना ते बरोबर ऐकू आलं.

कारण खरं दुखणं तिथं होतं. जमीन भगवंतरावांच्या नावावर, विहीर सासऱ्यांच्या नावानं ओळखली जायची, रेशनकार्डात पहिलं नाव भगवंतरावांचं. म्हैससुद्धा दूध सोसायटीत 'भगवंताची म्हैस' म्हणून नोंदलेली, आणि त्या माणसाला तिची धारही काढता येत नव्हती. सारजाबाई दुसरीपर्यंत शिकल्या होत्या. सही करायच्या, पण सही मागायला आजवर कुणी आलं नव्हतं.

दिवाळीला नात आली. तेजस्विनी पुण्यात इंजिनीयरिंगला होती. चुलीपुढं मांडी घालून तिनं ते यंत्र पाहिलं, दोरी तीनदा ओढली आणि म्हणाली, "आजी, हे तू केलंस? याचं पेटंट घे."

"ते काय आसतंय?"

"म्हणजे सरकार लिहून देतं, की हा शोध सारजाबाईंचा. दुसऱ्या कुणी विचारल्याशिवाय करायचा नाही. फक्त अर्ज जाईपर्यंत कुणाला दाखवू नकोस."

सारजाबाईंच्या डोक्यात त्यातलं एकच वाक्य राहिलं: सरकार लिहून देतं, की सारजाबाईंचा. बाकीचं त्यांनी पदराच्या गाठीला बांधून ठेवलं, आणि पदराच्या गाठी त्या क्वचितच सोडून बघत.

त्या दिवसापासून नरसाळ्यावर जुनं लुगडं पडलं. स्वयंपाकापुरतं निघायचं, मग परत पडायचं. गावात चर्चा सुरू झाली की सारजाबाईंनी छपरावर कुणाला तरी झाकून ठेवलंय. पोस्टातून रिटायर झालेले सावळेराम, ज्यांना प्रत्येक गोष्टीतलं कळतं, ते ओट्यावर येऊन सल्ला देऊन गेले. "वहिनी, ह्याला डायनामो लावा. वीज करा. ते पवनचक्कीवालं काय करत्यात? वाऱ्याला पंखा दावत्यात आन वीज काढत्यात."

"भाकरी विजंनं करू का जाळानं?"

"तसं न्हाई, पण मोठा इचार करायचा."

"मोठा इचार घरी घेऊन जावा भाऊजी. हितं जागा न्हाई."

तेजस्विनी पुण्याला परतली होती, आणि पेटंटला आधी कुठं जायचं, हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून सारजाबाई जिथं सगळं सुरू होतं तिथं गेल्या, तलाठी भाऊसाहेबांकडं. भाऊसाहेबांनी चष्मा पुसून विचारलं, "गट नंबर?"

"कशाचा?"

"ज्याची नोंद करायची त्याचा. वारा कुठल्या गटातून येतो?"

"मावळतीकडून येतो," भगवंतराव म्हणाले. त्यांना विचारलं नव्हतं.

भाऊसाहेबांनी नकाशा उघडला. बोट फिरवलं. "मावळतीला चांगदेवाचं रान आहे. म्हणजे वारा आधी चांगदेवाच्या गटातून जातो, मग तुमच्या. उद्या तो म्हणेल, माझा वारा अडवला. पाण्याच्या पाटाला आपण जसं घेतो, तसं त्याची हरकत नाही असं लिहून आणा. आणि अर्जदार भगवंतराव ना?"

सारजाबाईंनी भाऊसाहेबांकडं असं पाहिलं की त्यांनी लिहिलेलं 'भ' हळूच 'स' करायचा प्रयत्न केला. जमला नाही.

चांगदेव म्हणजे झुंबरबाईंचा नवरा, आणि झुंबरबाई म्हणजे सारजाबाईंच्या जिवाला लागलेलं कुसळ. दोघी एकाच साली या गावात नांदायला आल्या. झुंबरबाईंना आधी पोरगा झाला. सारजाबाईंच्या घरात आधी वीज आली. तेव्हापासून हिशेब बरोबरीचा चालू होता. सारजाबाई 'हरकत नाही'चा कागद मागायला त्यांच्या ओट्यावर गेल्या, हेच झुंबरबाईंना दिवाळीपेक्षा मोठं.

"माज्या रानातून वारा जातो व्हय?" झुंबरबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "मला आजवर ठावंच न्हवतं बाई. किती जातो गं दिसाला?"

"थट्टा नगं."

"थट्टा कशी? आमचा वारा, आन त्येच्यावर तुमची भाकरी. बरं, लिहून देते. पन त्ये लुगड्याखालचं काय हाय, त्ये आधी दाव."

"दावायचं न्हाई म्हनून नातीनं सांगितलंय."

"मंग आमचा वारा आमच्या घरी बरा," झुंबरबाईंनी सूप आपटलं. "आन एक सांगते. तुज्या त्या डबड्याच्या घूं घूं आवाजानं आमची म्हस पान्हा चोरतीया."

सारजाबाई परत आल्या, त्या वाऱ्याच्या विरुद्ध. म्हशीच्या आरोपावर त्यांनी आठ दिवस उत्तर शोधलं.

तालुक्याच्या एका कचेरीतही जाऊन झालं. तिथल्या साहेबांनी विचारलं, विजेवर चालतं का? नाही. वीज तयार करतं का? नाही. मग आमच्याकडं नाही. शेतीच्या कामाचं आहे का? चुलीचं आहे. मग शेतीतही नाही. पलीकडच्या टेबलावरचा एक शिकलेला पोरगा मात्र भला होता. तो म्हणाला, "आजी, पेटंटला वकील लागतो. हल्ली सगळ्याचं पेटंट असतं. वाऱ्याच्या पंख्याचं, कसल्या कसल्या किरणांचं. बियाण्याचंसुद्धा. एका बियाच्या पोटातला गुण काढून दुसऱ्या बियाच्या पोटात घालतात आणि त्याचं पेटंट घेतात."

सारजाबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांच्या मडक्यात सासूच्या सासूपासूनचं बाजरीचं बियाणं होतं. "गुन काढून दुसऱ्यात घालत्यात? मंग त्यास्नी सांग लेकरा, आमच्या गावातल्या झुंबरबाईच्या पोटातला गुन तेवढा काढून कुटंच घालू नगा."

वकील सापडला तो घरचाच निघाला. बेल्ह्याच्या बाजारपेठेतले जवरीलाल शेठ, ज्यांच्या दुकानातून तेलाचे डबे येत, त्यांचा पारस पुण्यात वकिली शिकून हेच पेटंटचं काम करत होता. जवरीलाल शेठ म्हणाले, "पारस तुमच्याच मांडीवर वाढलाय सारजाबाई. पण आत्ता तो दिल्लीला गेलाय. फाल्गुनात येईल, तेव्हा जा."

मधे संक्रांत आली.

गेल्या संक्रांतीला झुंबरबाईंनी स्टीलचे डबे वाण म्हणून लुटले होते, झाकणासकट. यंदा नळावर पाणी भरताना त्या चारचौघींत म्हणाल्या, "सारजाबाई यंदा काय लुटत्यात बघू. त्यांचं सगळं लक्ष वाऱ्यावर. वाराच देतील ओंजळभर."

बायका हसल्या. सारजाबाईंनी हंडा डोक्यावर घेतला आणि त्या तडक घरी आल्या. पण हंडा खाली ठेवला तेव्हा वाण ठरलं होतं.

कुंडलिकाला बोलावणं गेलं. डबे आले, पत्रा कापला गेला, आणि आठवडाभर अंगणात नुसता ठणठणाट. गावात आता नवी चर्चा, की सारजाबाई देवळाला घंटा करवतायत. भगवंतराव एकदा दबकत म्हणाले, "आगं, पन तेजूनं कुनाला दावू नगं म्हनलंय."

"मी कुटं दावतीया?" सारजाबाई म्हणाल्या. "मी देतीया. दावनं येगळं, वाण येगळं. वाण काय कुनी बघाया देतं व्हय?"

भगवंतरावांना यातली खोच कळली नाही, पण ते उठून उभे राहिले.

हळदीकुंकवाला सारा गाव लोटला, आण्याच्या बायका तर आल्याच, पण बेल्ह्याहून जवरीलाल शेठच्या कस्तुरबाई जीपनं आल्या. त्या दरवर्षी येत. सारजाबाईंनी एकेकीला हळद लावली, कुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि पदरात एकेक शेपटीचं नरसाळं घातलं. नळी कुठून उतरवायची, दोरी कुठं बांधायची, हे चुलीपुढं नेऊन सगळ्यांना एकदम समजावलं. जाळ ढणढण पेटवून दाखवला. बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. झुंबरबाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी नरसाळं उलटसुलट केलं.

"सवाष्णीला डबडं दिलंस गं," त्या म्हणाल्या. "ठीक हाय. कोंबड्यांस्नी पाणी ठेवायला व्हईल."

पण नेलं.

फाल्गुनात सारजाबाई आणि भगवंतराव पुण्याला निघाले. नरसाळं लुगड्यात गुंडाळून मांडीवर. एस्टीच्या कंडक्टरनं आळेफाट्याला विचारलं, "मावशी, हत्यार हाय का?" सारजाबाई म्हणाल्या, "हाय. पुढं बघ." नारायणगावापर्यंत तो मागं वळला नाही.

पारसचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. भिंतभर फायली. त्यानं पाया पडून दोघांना खुर्चीत बसवलं, चहा मागवला आणि कागद पुढं ओढला. "मावशी, सांगा. शोध लावणाऱ्याचं नाव?"

"सारजाबाई," सारजाबाई म्हणाल्या. मग घसा साफ करून पुन्हा म्हणाल्या, "सारजाबाई. आदुगर 'स' लिव."

पारसनं लिहिलं. सारजाबाईंनी मान पुढं काढून ते अक्षर पाहिलं. छापील कागदावर, पहिल्या रकान्यात, एकटं. भगवंतराव खुर्चीवर होते, पण कागदावर नव्हते. त्यांना स्वतःलाही ते बरं वाटत असावं. ते पंख्याकडं बघत शांत बसले होते.

मग लुगडं सुटलं. पारसनं नरसाळं हातात घेतलं, शेपूट फिरवलं आणि हसला. "अरे, हे तर आमच्या घरी आहे! आईनं बेल्ह्याला अंगणातल्या चुलीवर बसवलंय. मला वाटलं, पप्पांनी कुठून विकत आणलं."

"इकत कशाला?" सारजाबाईंची छाती फुगली. "मीच दिलंय. संक्रांतीचं वाण. सगळ्यांस्नी. कस्तुरबाईंस्नी मी जरा मोठं दिलं."

पारसचं पेन थांबलं.

"सगळ्यांना म्हणजे?"

"सगळ्यांस्नी म्हंजी सगळ्यांस्नी. गावातली एक सवाष्ण सोडली न्हाई. कसं लावायचं त्येबी शिकीवलं."

पारसनं चष्मा काढला. तो बराच वेळ मावशींकडं बघत होता, आणि मावशींना वाटलं तो भारावला. मग तो हळूहळू, डॉक्टर नातेवाइकांना सांगतात तसं, बोलू लागला. पेटंट नव्या गोष्टीचं मिळतं. नवी म्हणजे अर्जाच्या दिवसापर्यंत लोकांना माहीत नसलेली. एकदा लोकांच्या हातात गेली, चारचौघांत दाखवली, की ती सगळ्यांची झाली. सरकारनं जाहीर केलेल्या प्रदर्शनात मांडली असती, तर वर्षभराची सूट होती.

"मंग माजं हळदीकुंकू काय सरकारी परदर्शनापेक्षा कमी हाय?" सारजाबाई म्हणाल्या. "तुजी आय जीप करून येतीया."

"खरंय मावशी. पण सरकारनं ते जाहीर केलेलं नाही."

पंखा फिरत होता. चहावर साय धरली. सारजाबाईंनी कागदावरच्या आपल्या नावाकडं पाहिलं. ते अजून तिथंच होतं, शाई सुकलेली.

आणि तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा भगवंतरावांना कामाची गोष्ट सुचली. ते पुढं झुकले. "पारस, मंग लिव की, दिलंच न्हाई म्हनून. बेल्ह्याच्या चुलीपोत्तर कोन बघाया येतंय?"

पारस फायलीची नाडी बांधत-सोडत राहिला.

"काय लिवायचं?" सारजाबाईंनी विचारलं.

"हेच, की संक्रांतीला तू काय दिलं न्हाईस. एक वळ लिवायची. आन तुजं नाव ऱ्हातंय."

सारजाबाई गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या की घरात म्हैससुद्धा रवंथ थांबवायची. त्यांच्या डोळ्यांपुढून सगळ्या बायका गेल्या, हळद लागलेल्या कपाळांच्या, पदर पसरलेल्या. शेवटी झुंबरबाई गेली, नळावर हंडा धरून.

"म्हंजी सरकारी कागदावर लिवायचं, की संक्रांतीला सारजाबाईनं सवाष्णीस्नी वाण दिलं न्हाई?" त्या म्हणाल्या. "त्यावर मीच सही करायची? म्हंजी झुंबरी म्हनत व्हती त्येच खरं करून द्यायचं? वारा दिला वंजळभर?" त्यांनी नरसाळं उचललं आणि लुगड्यात गुंडाळलं. "पदरात घातल्यालं वाण कुनी नाकारत न्हाई लेकरा. सवाष्णीला दिलं त्ये दिलं. खोड त्ये नाव."

पारसनं नाव खोडलं नाही. कागद तसाच घडी करून त्यांच्या हातात दिला. जिना उतरताना भगवंतराव एकदाच म्हणाले, "एक वळ व्हती." त्यावर त्यांना एस्टीत मंचरपर्यंत उभं राहून यावं लागलं; सारजाबाईंच्या शेजारी जागा एकच होती, आणि ती लुगड्याला दिली होती.

गावात त्यांनी काही सांगितलं नाही. सावळेरामांनी विचारलं तर म्हणाल्या, "कागद झालाय." खोटं नव्हतं.

पण दुःख एकटं बसत नाही. आषाढात पाऊस लागला आणि वाऱ्याबरोबर तिरपा थेट नरसाळ्यांत शिरला. तिथून नळीत. नळीतून चुलीत. एका सकाळी साऱ्या गावाच्या चुली एकदम विझल्या. बायका ओल्या राखेचे हात घेऊन सारजाबाईंच्या ओट्यावर आल्या. कुणाची भाकरी भिजली, कुणाची आमटी पातळ झाली, कुणाचा नवरा उपाशी शेतावर गेला. ज्यांच्या वाणाचं महिनोन् महिने कौतुक झालं होतं, त्या सारजाबाई कोपऱ्यातली जुनी फुंकणी घेऊन गाल फुगवत बसल्या. गाव म्हणायला लागलं, सारजाबाईंनी वारा आणला, मागनं पाऊस आला. झुंबरबाई काही म्हणाल्या नाहीत. हे जास्त वाईट होतं.

पुढच्या संक्रांतीला झुंबरबाईंचं हळदीकुंकू आधी होतं. सारजाबाई गेल्या, न जाणं म्हणजे हरणं. ओट्यावर पोत्याखाली काहीतरी रचून ठेवलेलं होतं. झुंबरबाईंनी पोतं काढलं. पत्र्याच्या टोप्या होत्या, उतरत्या, पुढं पाखं काढलेल्या, घराच्या वळचणीसारख्या. वारा खालून आत जाईल आणि पाऊस वरून ओघळेल अशा.

"ही कशाची गं टोपी?" नव्यानं नांदायला आलेल्या एका पोरीनं विचारलं.

झुंबरबाई थांबल्या. ओटा भरला होता. कस्तुरबाईही आल्या होत्या. दुसरं काही नाव सुचतंय का, हे झुंबरबाईंनी डोळे फिरवून पाहिलं. सुचलं नाही.

"सारजाबाईच्या फुंकणीची," त्या म्हणाल्या.

"कुनाच्या?" मागून एका म्हातारीनं कानाला हात लावला.

"सारजाबाईच्या गं! सारजाबाईच्या फुंकणीची टोपी!" झुंबरबाईंना ओरडावं लागलं. मग पुढची आली, तिनंही विचारलं. प्रत्येक सवाष्णीच्या पदरात टोपी घालताना झुंबरबाईंना सारजाबाईंचं नाव घ्यावं लागलं. सारजाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या शेवटपर्यंत बसल्या.

घरी आल्यावर मात्र त्यांनी नातवाकडून पारसला फोन लावून घेतला. "माज्या फुंकणीला झुंबरीनं न इचारता टोपी केलीया. तिला त्याचं पेटंट मिळंल का?"

पारस हसला. "मिळालं असतं मावशी, सुधारणा नवी आहे. पण त्यांनी ती वाटली का?"

"आत्ताच. वाण म्हनून."

"मग गेलं."

सारजाबाईंनी फोन ठेवला. पुण्याचा घडी केलेला कागद देव्हाऱ्यात होता, तो एकवार बघून घेतला. मग भगवंतरावांना हाक मारली. ते शिडी घेऊन आधीच उभे होते. छपरावर नरसाळं वाऱ्याकडं तोंड करून हलत होतं. वर चढून त्यांनी टोपी बसवली, चपखल बसली. खाली चुलीत जाळ मोठा झाला.

रस्त्यानं झुंबरबाई चालल्या होत्या. त्या थांबून वर बघू लागल्या.

"बसली का गं टोपी?"

"बसली की," सारजाबाई दारातून म्हणाल्या. "टोपी तुजी, झुंबरे. पन डोकं आमचं."